बाहेरून पाठिंबा

शुक्रवारी, सुट्टी असूनही, प्रिचर्डनं बोलावलं.
टेंडरचं निमित्त होतं.
खरं तर त्याला टीव्ही एकट्यानं बघायचा नव्हता.
अहमदीत त्याच्या बंगल्यापुढं अजून हिरवळ आहे,
कंपनीनं कधीकाळी लावलेली,
पाइपाच्या पाण्यावर विलायतेसारखं वागायला शिकलेली.

पडद्यावर आकडे. कुणालाच बहुमत नाही.
तुमच्या भाषेत याला काय म्हणतात? त्यानं विचारलं.
त्रिशंकू, मी म्हणालो.
मग गोष्ट सांगणं आलंच.
दाभोळच्या मराठी शाळेत पेठे गुरुजींनी सांगितलेली,
माझ्या तुटक इंग्रजीत:
एक राजा अंगावरच्या देहासकट स्वर्गाला निघाला,
वरच्यांनी ढकलला,
खालच्यानं पडू दिला नाही.

प्रिचर्ड बराच वेळ हिरवळीकडं बघत राहिला.
अठ्ठावीस वर्षं झाली मला इथं, म्हणाला,
तिकडच्या यादीत माझं नाव नाही आता.
मी चहा ओतला.
माझी सतरा. यादीत नाव आहे,
पण मतदानाच्या दिवशी मी कधीच तिथं नसतो.

शनिवार, रविवार, सोमवार.
कुणी कुणाकडं गेलं, मागच्या दारानं की पुढच्या,
कुणाला कुठलं खातं हवं,
तिसऱ्याचे मूठभर लोक आणि त्यांचा रुबाब.
हा घोडेबाजार, मी म्हणालो.
आम्ही याला वाटाघाटी म्हणतो, प्रिचर्ड म्हणाला,
आणि आपणच हसला.

रात्री मंगफच्या खोलीत माझाही फोन वाजायचा.
लियाकतला होडीला नवं इंजिन हवं,
निम्मे पैसे मासळीवर फेडीन म्हणतो.
साफियाचं म्हणणं, आधी स्लॅब,
गेल्या वर्षी तिनं माघार घेतली होती, ते विसरू नका.
नाझनीनला फार्मसी, रत्नागिरीत, हॉस्टेलसकट.
अब्बा तटस्थ. त्यांचं मत गुडघ्यात अडकलेलं.
मी खाटेवर बसून वहीच्या मागच्या पानावर
किमान समान कार्यक्रम आखत होतो:
इंजिन जुनं चालेल. स्लॅब अर्धा.
फी दोन हप्त्यांत.

आणि मुनीरा.
तिचा पक्ष एका माणसाचा,
मागणीही एकच: तू परत ये.
ती काही अडून बसत नाही.
दरवर्षी मी हा मुद्दा समितीकडं पाठवतो.
समितीत मी एकटाच आहे.

मंगळवारी सकाळीच प्रिचर्ड म्हणाला,
तिसऱ्यानं आत यायलाच नको होतं.
बाहेरून पाठिंबा दिला असता तर हात तरी मोकळे राहिले असते.
मी हिशेबाची फाइल मिटली.
साहेब, त्यातलं मला विचारा.
बाहेरून पाठिंबा देणाऱ्याला खुर्ची नसते,
घरातल्या कुठल्या फोटोत तो नसतो,
ईदचा बकरा कसा निघाला ते त्याला चौथ्या दिवशी कळतं.
फक्त काढून घेतला
तर सकाळपर्यंत सरकार राहत नाही,
एवढीच त्याची सत्ता.
एवढं सगळं इंग्रजीत जमलं नाही.
यस सर, एवढंच म्हणालो.

रात्री उशिरा त्यांचं जुळलं.
गाड्या, कॅमेरे, एका दरवाजापुढं हात हलवणारी माणसं.
प्रिचर्डनं टीव्ही बंद केला.
तुझ्या त्या राजाचं पुढं काय झालं?

अजून तिथंच आहे. उलटा.
ज्यानं पडू दिला नाही
त्यानं त्याच्यापुरते वेगळे तारे करून दिले, म्हणतात.

आम्ही बाहेर आलो.
दक्षिणेला रिफायनरीच्या मशाली जळत होत्या,
नेहमीसारख्या, तीन मोठ्या, एक बारकी.
प्रिचर्ड वर बघत नव्हता.
वाकून पाइपाची तोटी शोधत होता,
कोपऱ्यातली हिरवळ पिवळी पडली होती
आणि त्याला ते आजच दिसलं होतं.

मी घड्याळ पाहिलं.
एक्स्चेंज सकाळी आठला उघडतं.
फॉर्मवर एक रकाना असतो, पाठवण्याचं कारण.
सतरा वर्षं मी तिथं कुटुंबखर्च लिहितो.