उजवं-डावं

मागच्या दाराशी मी उभी असते, पत्र्याची बादली घेऊन.
बायकांना बिअर तिथूनच मिळते.
आत तोच आखाडा रंगलेला:
हॅलोरन मोठा की स्ट्रडविक?
कॉलरच्या कारखान्यातला लंगडा फिनियस
टेबलावर काड्यापेट्या मांडून
कधीच न झालेल्या लढतीची
एकोणचाळिसावी फेरी लढवतोय.
ह्याच पायी त्याची आणि डेस्मंडची
अकरा वर्षं बोलाचाली बंद आहे.
भांडण तेवढं चालू.

म्हणे, हॅलोरनचा उजवा म्हणजे ओतीव लोखंड.
म्हणे, स्ट्रडविकचा डावा दिसायच्या आधी लागायचा.
म्हणे वजन, म्हणे हातांची लांबी,
म्हणे दोघं एका वयाचे असते तर,
एका दोरखंडात सापडले असते तर.
ह्या ‘तर’वर अख्खं पिंप रिकामं होतं
ट्रॉय गावात, दर शनिवारी.

मला कोणी विचारत नाही.
बावीस वर्षं नदीकाठच्या धुलाईघरात
ह्या थोरामोठ्यांचं रक्त मी काढलंय,
थंड पाण्यात, मिठानं.
गरम पाणी घातलंत की डाग जन्माचा बसतो.

हॅलोरनचे टॉवेल यायचे बारा.
बाराही लाल, आणि त्यातलं त्याचं फार थोडं.
दिलदार माणूस. धुलाईचे पैसे आगाऊ द्यायचा
आणि रविवारी तेच उसने मागायला यायचा.
एकदा त्याच्या चड्डीच्या पट्ट्यात शिवलेला
मेरीमातेचा बिल्ला हाताला लागला,
पार वाकलेला.
कुणाचा तरी ठोसा आईनं झेलला होता.
मी तो तसाच परत शिवून टाकला.

स्ट्रडविक बोटीनं आलेला, शेफील्डचा.
टॉवेल चारच, जवळजवळ कोरे.
लोकांनी शिट्ट्या मारल्या, पळपुटा म्हणाले.
पण त्याचं बनियन पिळताना
मला नाक वळवावं लागायचं.
कष्टाचा घाम वेगळा, भीतीचा वेगळा.
धोबिणीला कळतं.
एवढा घाबरून हा माणूस
चौतीस वेळा दोरांच्या आत उतरला.
ह्याचं वजन कुठल्या काट्यावर करतात, फिनियस?

आणि तिसरा.
त्याचं नाव गुत्त्यात निघत नाही.
एझ्रा टॉलिव्हर. धक्क्यावर पिंपं चढवायचा.
काळा, म्हणून दोघंही त्याच्याशी लढले नाहीत:
एकानं छाती ठोकून नाही म्हटलं,
दुसऱ्यानं टोपी काढून.
मग तो लढायचा आपल्यासारख्याच नाकारलेल्यांशी,
त्याच तिघांशी, फिरून फिरून,
इतकं की एकमेकांचे दुखरे दात त्यांना पाठ होते.

आमची मालकीण त्याचं गाठोडं घेत नसे.
एका सकाळी तो मागच्या दाराशी आला,
घरी धुतलेला टॉवेल पुढे करून म्हणाला,
बाई, एवढं घासूनही हा डाग का जात नाही?
मी म्हटलं, थंड पाणी. मीठ. रात्रभर.
पुढच्या महिन्यात दाखवायला आला,
शाळेतल्या पोरानं पाटी दाखवावी तसा.
टॉवेल पांढराशुभ्र, चार घड्या,
कडेला कड लावलेली.
पेरं सगळी फुटून वेडीवाकडी जुळलेली होती.
त्या बोटांची ती घडी.
त्याच्यापेक्षा सरळ घडी
बावीस वर्षांत माझ्या हातून पडली नाही.

तो मोठा होता का?
मला ठोशांतलं कळत नाही.
त्याला कुणी मोजूच दिलं नाही, एवढं कळतं.

आत फिनियस काड्यापेट्या उधळतो.
‘एकदाचं उजवं-डावं होऊन जाऊ दे!’

माझी बादली भरून येते.
एका हातानं पेलत नाही आता.
दोन्ही हातांनी उचलते,
आणि तरी वाटेत
थोडा फेस सांडतोच.