डाळीची तूर

आडनाव झोपे, आणि रात्री साडेअकराला मी
स्वयंपाकघराच्या मागे, लुंगी खोचून,
अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओततोय.
मे आहे. जळगाव आहे. खड्ड्यातलं मीठ, कोळसा
पापडासारखं वाळलंय,
आणि आत दोन्ही स्पीकर पन्नास हर्ट्झवर घुमतायत
ट्रान्सफॉर्मरला वाईट स्वप्न पडल्यासारखे.

एमआयडीसीत आमची डाळमिल. चौतीस वर्षं
तूर भरडली. एका दाण्याचे दोन करायचे,
फोल उडवायचं, चुनी वेगळी, मग पॉलिश.
आणि हा डबा, ज्याला डॅक म्हणतात,
नेमकं उलटं करतो.
सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर डाळी
उचलतो, जोडतो,
अख्खी तूर करून हातावर ठेवतो,
सालासकट.
या एका नवलापायी घेतला मी तो.
बायकोला सांगितलेलं कारण वेगळं आहे.

खरं तर दोन आहेत.
पहिला चिपवाला. स्वच्छ. प्रत्येक सूर
स्टीलच्या ताटात, आपापल्या वाटीत.
दुसरा शिडीवाला. आत रेझिस्टरांच्या पायऱ्या,
कुणीतरी हातानं निवडून लावलेल्या.
चाळीस मिनिटं तापू द्यावा लागतो,
मग बाईंचा मारवा असा उतरतो
की गॅसवरचं भरीत एकीकडे
आणि पऱ्हाट्यांवर भाजलेलं एकीकडे.
असं मी वहीत लिहिलंय. 'धूर आहे,' असं लिहिलंय.
'तंबोऱ्याची जवारी सुटी सुटी,' असंही लिहिलंय,
आणि तिथे मी खोटं बोललोय.

डॉक्टर वायकोळेंच्या कागदावर
माझ्या कानांची रेघ तीन हजारापर्यंत नीट चालते
आणि पुढे मनुदेवीच्या धबधब्यासारखी खाली.
वरचं सगळं रोलरनं खाल्लं.
झांजेचं टोक, 'स'चा काठ, जवारीची कड.
एवढा महाग डबा,
आणि मी त्याच्या तळमजल्यावर राहतो.

मयूर आला रात्रपाळीतून. हिलाल वायरमनचा पोरगा,
एकोणीसचा, पारोळ्याकडचा.
दुसरी बादली त्यानं ओतली. मी आत होतो.
घुमारा बसला,
आणि इतकं गप्प झालं की भिंत वीतभर मागे सरकली.
"बस," मी म्हटलं. "ऐक. आणि सांग."

चपला काढून तो सतरंजीवर बसला.
डोळे मिटले नाहीत त्यानं. या वयात कोण मिटतं?
"बाईनी श्वास लिधा," म्हणाला, "गावाना पहिले."
मग, "जेवना हातले कोनीतरी शे. बांगडी वाजनी."
मग, "तंबोरामा मधमाश्या शेतस."
मग बराच वेळ काहीच नाही.
मग, "शेट, पंखा बंद करी द्या."

त्या उकाड्यात
मी पंखा बंद केला.

सहा वर्षं हे गाणं ऐकतोय,
बांगडी कधी भेटली नव्हती.
आता भेटली, अगदी उजवीकडे,
किंवा त्यानं सांगितली म्हणून भेटली.
फरक कळत नाही.
कळून घ्यायची घाईही नाही.

"कितलाले पडना हाऊ डबा?"
पंचवीस हजार, म्हणालो.
एक शून्य फोलाबरोबर उडवलं.
त्यानं तरी शिट्टी मारली. ती मला
अर्धी ऐकू आली, अर्धी दिसली.

तो गेल्यावर वही काढली.
माझी एकही उपमा नाही, भरीत नाही, धूर नाही.
त्याचंच उतरवलं, त्याच्याच बोलीत,
जोडाक्षरं चुकली असतील तर असोत.
श्वास लिधा. बांगडी वाजनी. मधमाश्या शेतस.
खाली तारीख. व्होल्टेज दोनशे चौतीस.
पाणी, दोन बादल्या.