येणे बाकी

मयेच्या शाळेतून रोहिदास शिपाई
राष्ट्रपतींना सायकलच्या कॅरियरला बांधून घेऊन आला,
सुतळीचे दोन वेढे, तोंड आभाळाकडे.
"नव्या साहेबांचा फोटो आलाय, च्यारी.
चौकट हीच ठेव, काच पुसून दे.
बिलात मात्र काच नवी लाव."

डिचोलीच्या बाजारात माझे दुकान,
शेजारी पिठाची गिरण,
त्यामुळे माझ्याकडचे सगळे देव
आणि सगळे मेलेले
जरा गोरेच दिसतात.

चौकट पालथी घातली.
खिळे गंजलेले, फटीत खाणीची लाल धूळ,
पुठ्ठ्याला कसर.
आणि राष्ट्रपतींच्या मागून राष्ट्रपती निघाले,
त्यांच्या मागून आणखी एक,
त्यांच्या मागून, गालाला गाल चिकटलेले, दोघे.
दर वेळी नवा पुढे सरकवलेला
आणि जुना, दाब यावा म्हणून, आतच राहू दिलेला.
फुकटचा पुठ्ठा.

रोहिदास बाकावर बसून ओळखायला लागला.
"हा वारला तेव्हा सुट्टी मिळाली,
आम्ही दिवसभर काजूची बोंडे पाडली.
हा... थांब, हा की तो मागचा?
कोणीतरी पणजीला आला होता.
आठपासून रस्त्याच्या कडेला उभे केलेले आम्हांला,
हातात कागदी झेंडे.
दीडला गाडी गेली. काच काळी.
तेवढ्यात शेवंता चक्कर येऊन माझ्या पायांवर पडली.
पुढे तिच्याशीच लग्न झाले.
माणूस चांगला असणार."

"आणि हा?"
"ह्याच्याकडे कुणाचा तरी दयेचा अर्ज गेला होता.
ह्याने माफ केले.
की नाही केले.
दोन्हीपैकी एक.
पेपरात फार येत होते तेव्हा."

गिरण थांबली. मग पुन्हा सुरू झाली.

सगळ्यांत तळाशी एक,
छातीवर पदके, खांद्यावरून तिरका पट्टा,
कोपऱ्यात लिस्बनच्या छापखान्याचे नाव.
रोहिदास बघतच राहिला.
"हा आपला नव्हे."
"चौकट त्याचीच आहे," मी म्हटले.

त्याच्या पाठीवर वडिलांचे अक्षर,
सुतारी पेन्सिलीचे, मोडी वळणाचे:
काच एक. सागाची पट्टी साडेसात फूट.
एक रुपी चार तांगे. येणे बाकी.
तेव्हा ते पोर्तुगीज इश्कोल होते.
आधी मास्तर बदलला, मग नाणे, मग राज्य;
वडील हा हिशेब घरात कधी बोलले नाहीत.

नवा फोटो बसेना.
गठ्ठा जाड झाला होता, खिळे पकडत नव्हते.
"एखादा काढ," रोहिदास म्हणाला.
"कुठला?"
त्याने पाचही पत्त्यांसारखे हातात धरले,
शेवंताचा कुठला ते पुन्हा एकदा शोधले,
आणि सगळे परत दिले.

मी एक इंची खिळे काढले.

ठोकण्यापूर्वी नव्याच्या पाठीवर
सवयीने लिहिले: तारीख. काच जुनी.
पुढे पेन्सिल जरा वेळ तशीच धरली,
मग कानावर ठेवली.

रोहिदासने चौकट बांधली, या वेळी तोंड खाली.
"ट्रक फार आहेत वाटेत," म्हणाला,
"धूळ बसते."
पैसे पंचायतीकडून आले की देतो म्हणाला.