वळसा

पार्रीबाईंनी दार उघडलं ते कोट घालूनच.
"आत-बाहेर सारखंच आहे," म्हणाल्या,
"आत फक्त वारा नाही."

बॉयलरच्या काट्याचं रोजचंच रडगाणं:
सकाळी दीड, रात्री अर्धा.
स्वयंपाकघराच्या छतावर चहाच्या रंगाचा डाग,
दर आठवड्याला बोटभर पुढे सरकणारा.

आधी सगळं पाणी सोडून दिलं.
शाईसारखं काळं, चाळीस वर्षांचं लोखंड विरघळलेलं,
सात बादल्या.
मग वरच्या खोलीतला पलंग सरकवला.
गालिच्यावर चार खड्डे उरले, पायांचे.
गालिचा गुंडाळला, फळ्या उचकटल्या.
जुने खिळे ओरडत निघतात, तसे निघाले.

फळ्यांखाली चुन्याची भुकटी, एक केसांचा आकडा,
आणि तांब्याची नळी.
दारातून आत आली की तिनं सरळ जायचं
खिडकीखालच्या रेडिएटरकडे.
दीड मीटर. आंधळ्यालाही दिसेल.
पण ही बया उजवीकडे वळलेली,
तीन तुळया भोसकून पलंगाच्या डाव्या कडेला गेलेली,
तिथं फळीला जवळजवळ चिकटून, उघडीच,
हातभर लोळलेली,
आणि मग आल्या वाटेनं परत.

तेगिद हसला. एकोणीस वर्षांचा आहे, त्याला सगळंच हसू येतं.
"काखेत कळसा आणि गावाला वळसा!"
मीही हसलो.
प्रत्येक बाकाला दाब मरतो, हे मी त्याला शिकवलंय.
गळती तिसऱ्या बाकालाच होती,
डाखाभोवती हिरवी बुरशी धरलेली.

"हे कुणी बसवलं?" मी जिन्यावरून विचारलं.
"इद्वालनं. खाणीत होता तो, स्लेट फोडायचा.
लायब्ररीतून पुस्तक आणलं आणि एका सुट्टीत बसवलं.
का? चुकलंय?"
बोलत बोलत वर आल्या,
उघड्या जमिनीकडे पाहत उभ्या राहिल्या.

बराच वेळ.

"तिथं माझे पाय टेकतात," म्हणाल्या.
"सकाळी. उठल्यावर."

तेगिदनं पलंगाच्या दुसऱ्या बाजूची फळी काढली.
तिच्याखाली काही नव्हतं.
धूळ, आणि भिंतीतून येणारा गारठा.

"मला वाटायचं, खालच्या चुलीची ऊब येते.
एकदा त्याला म्हटलंही,
हे घर माझी बाजू घेतं बघ.
तर म्हणाला, जुनं घर आहे, त्याला कळतं."

मग त्या खाली गेल्या.
किटली ठेवल्याचा आवाज आला.
ती शिट्टी घालून थकली, तरी कुणी उतरवली नाही.

नियमाप्रमाणे काम सरळ होतं:
जुनं कापायचं, टोकं बंद करायची,
प्लॅस्टिकची नळी, वर फोमचं वेष्टण, दीड मीटर,
जेवणाच्या सुट्टीआधी मोकळे.
तुळयांतली भोकं तपासली.
बरोबर मधोमध पाडलेली, पट्टी लावून,
पेन्सिलीची खूण अजून दिसत होती.
पुस्तक नीट वाचलं होतं माणसानं.

त्याच भोकांतून नवी नळी ओवली.
तेगिद तोंड उघडणार होता,
मी त्याच्या हातात ड्रिल दिलं.

संध्याकाळी पाणी भरलं, हवा काढली,
काटा दीडवर चढला आणि तिथंच राहिला.
बिल त्यांनी चष्मा लावून वाचलं.
"जादा बाक, चार. जादा नळी, सव्वातीन मीटर.
हे कशाचं?"
"जुन्या घरात सरळ जाता येत नाही."
"हं," म्हणाल्या. "फोम मात्र कमी लागलेला दिसतो."
"हातभर कमी."
पाकिटातून नोटा काढल्या, दोनदा मोजल्या.
"चहाचे मी लावत नाही," म्हणाल्या.

बाहेर पाऊस नव्हे, गारा नव्हेत, त्याच्या मधलं काहीतरी.
आमच्या व्हॅनचा हीटर फक्त चालकाच्या बाजूला चालतो.
दुरुस्त करायचाय, गेल्या वर्षापासून.
तेगिद हात काखेत घालून बसला होता.
मी झडपेची पट्टी त्याच्याकडे वळवायला गेलो,
ती तुटून हातात आली.