मापाला उभा

खोक्यावर उधळीनं खाऊन उरलेली अक्षरं:
कॉलेज, पूर्व बाजू, घुमट अपुरा.
तारखेच्या जागी भोक.
आत अठरा काचा, भुश्यात निजवलेल्या,
दोन तडकलेल्या,
एकीवर कुणाचा तरी अंगठा, कायमचा.

निरुपमाबेन म्हणाल्या, सांभाळजो भाऊ,
फुटली तर माझ्या पगारातून नाही, तुझ्या आयुष्यातून जाईल.
त्यांचं मराठी दांडिया बाजारात सुरू होतं
आणि रावपुऱ्यापर्यंत गुजराती होतं.

मी हातमोजे घातले.
पहिलीच काच उलटी ठेवली
आणि विश्वामित्री स्टेशनच्या अंगानं वाहू लागली,
मगरींसकट.
फिरवून ठेवली. नदी मुकाट जागेवर गेली.
एवढी सत्ता या नोकरीत पुन्हा मिळाली नाही.
अकरा महिन्यांचा करार आहे.

सातवी काच.
घुमट अजून बांबूंच्या परांचीत अडकलेला,
खाली तीन टोपीवाले, एक पगडीवाला.
न हलण्याचं काम त्यांना चांगलं येत होतं,
मिशीचा केस न् केस उमटलाय.
त्यांच्यामागून धुकं चाललंय,
डोक्यावर घमेली घेतलेलं धुकं,
उतरंडीवरून वर, वरून खाली.
भिंगाचं झाकण उघडं होतं तोवर
जे हलले ते आलेच नाहीत,
आणि हलल्याशिवाय चुना वर कसा जाणार?
एक गाढव तेवढं थांबलं होतं.
त्याच्या पाठीवरचा घट्टा मोजून घ्या.

आणि कमानीशी, एकटा, एक मुलगा.
हात मांड्यांना चिकटवलेले.
काचेच्या कडेला बारीक मोडीत:
उंची कळावी म्हणून मनुष्य.
इतकंच.
उन्हाळ्यातली फरशी असणार,
उजवा पाय पुसट आहे.
बाकी सगळा मुलगा त्यानं निमूट देऊन टाकलाय.

घुमटाची उंची आता कोणीही सांगेल.
ती कळून चुकली, त्याला दीड पिढीत विसरले.

दुपारच्या सुट्टीत मी
धर्मेश दरजीकडून टेप आणली.
पायऱ्यांवर पोरं बसली होती,
एक मुलगी मोबाइलमध्ये स्वतःला घुमटासह बसवत होती.
काका, बिल्डिंग मोजताय?
नाही, म्हटलं, एक जण मोजतोय.
ती जरा सरकली. टेपचं दुसरं टोक धरलं तिनं,
काही न विचारता.
नाव सांगितलं, मोक्षा. तिचं नाव लिहून ठेवलंय मी.

कमान तीच. जोत्याचे दगड तेच,
चौथ्या थराच्या वर त्याची हनुवटी यायची.
हिशेब जमला: चार फूट सात इंच.
म्हणजे बारा वर्षांचा,
किंवा अर्धपोटी सोळा.

नोंदीत रकाने असतात.
इमारत. दिशा. अंदाजे वर्ष.
व्यक्ती, या रकान्यात आधीच छापलेलं, निरंक.
खोडलं. लिहिलं:
मुलगा, चार फूट सात इंच.
मापासाठी शेजारी घुमट.

निरुपमाबेननी चष्मा वर केला, वाचलं,
दोन वेळा वाचलं,
आणि चहाला जायचं म्हणाल्या.

आठवी काच तिथलीच, थोड्या वेळानंतरची.
टोपीवाले गेलेत. गाढवही नाही.
कमानीशी तो दिसत नाही.
मात्र उतरंडीच्या पायथ्याशी, घमेल्याखाली,
धुक्याचा एक उभा पट्टा आहे.
टेप लावून पाहिली.