तुमचा वार कुठला

एकतीस वर्षं केएमटीत टाइमकीपर होतो.
गंगावेशच्या पत्र्याच्या केबिनीत बसून
गाडी चार मिनिटं उशिरा आली तरी लाल शाई.
ड्रायव्हर माघारी काय म्हणायचे ते ठाऊक होतं.
समोर नमस्कार घालायचे,
कारण पगार होता.

आता सीपीआरच्या मागच्या बाजूला
संध्याकाळी साडेसहाला
पेशंटच्या माणसांना जेवण वाढतो आम्ही.
आमटी, भात, दोन चपात्या,
गुरुवारी केळं.
वही तसलीच, पट्टीनं आखलेली.
फक्त कापायला कुणाचा पगार नाही.

जूनमध्ये कॉलेजात भाषण केलं.
माइक मधूनच शिट्टी मारत होता.
बासष्ट जणांनी नावं दिली.
पहिल्या सोमवारी एकोणीस आले,
दुसऱ्या सोमवारी नऊ,
त्यात दोघं फोटोपुरते.

'वेळ द्या' म्हणालो होतो, तिथंच चुकलो.
वेळ कुणाकडंच नसतो.
मग एकेकाला गाठून,
पापाच्या तिकटीवर, चक्कीत, एकदा तर मयतीच्या मांडवात,
मंगळवार मागायला लागलो.
मंगळवार माणसाकडं असतो.
खिसा चाचपतो
आणि काढून देतो.

तस्लीम बागवाननं असाच दिला.
शुक्रवार आदगोंडा मगदूमचा, उद्यमनगरच्या फौंड्रीतला.
नखांतली काजळी तीनदा साबण लावूनही जात नाही,
म्हणून चपाती चिमट्यानं वाढतो,
आणि हात मागं लपवून विचारतो, "अजून एक देऊ?"
मृणालिनी घाटगे बँकेतून रिटायर.
वेळापत्रकाला सात रंग दिले,
महिनाभरात एकदाही पळी उचलली नाही.
गेल्या.
रंग अजून वापरतो आम्ही.

आणि दौलू.
तालमीतला गडी, एकही दिवस खाडा नाही,
पण रांगेवर असा खेकसायचा,
"एकदा घेतलंस न्हवं? सर मागं!"
गगनबावड्याकडची एक बाई
भरलेलं ताट तसंच ठेवून निघून गेली.
फुकट राबणाऱ्याला काढायचं कसं
याचं कलम आमच्या सेवानियमांत नव्हतं.
दोन रात्री झोप नाही.
तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात खोलीची किल्ली दिली,
गॅसची टाकी दिली,
म्हणालो, "हे दुसऱ्या कुणाच्यानं होणार नाही, भावा."
आता टाकीवर खेकसतो.
टाकी ऐकून घेते.
ती बाई मात्र परत आली नाही,
आणि तिचा पेशंट कुठल्या वॉर्डात होता
तेही मी विचारलं नव्हतं.

सप्टेंबरात मला ताप भरला.
सहा दिवस अंथरुणात.
सातव्या दिवशी वही उघडली
तर तळाशी एक नवी ओळ, वाकडी आखलेली.
माझं नाव.
पुढं सहा फुल्या, लाल शाईत,
शेऱ्यात : कळवले नाही.

अक्षर तस्लीमचं.
पहिल्यांदा कान तापले. मला? ह्या वहीत?
मग जाणवलं, अक्षर तिचं असलं तरी
शेरा माझाच आहे.

ती भात उपसत होती. वर न बघता म्हणाली,
"काका, तुमचा वार कुठला?"
"सगळेच की."
"सगळे म्हणणारा पंधरा दिवसांत जातो.
तुम्हीच सांगता."

मी खिसा चाचपला.
शनिवार निघाला.

काल रविवार. घरी होतो.
साडेसहाला घड्याळाकडं बघितलं,
सहा चौतीसला परत बघितलं.
बायको म्हणाली, "कुणाची वाट बघताय?"
हात आपोआप पेनाकडं गेला.
पेन नव्हतं.
ते तिकडंच राहिलंय,
वहीच्या कडेला, सुतळीनं बांधलेलं.