गव्हाएवढा आखूड

चितारओळीत पोळा जवळ आला
की सगळ्यांच्या हातून बैलच निघतात,
चाकांवरचे, शिंगांना बेगड लावलेले.
कुमुद निनावे घोडे कोरते.

लाकूड मोडक्या टांग्यांचं,
आयाळीला हातमागावर उरलेलं सूत,
शेपटीला कधी नारळाची शेंडी, कधी काहीच नाही.
डोळा सगळ्यात शेवटी, तापल्या सळईनं.
तेवढ्यापुरता ती श्वास घेत नाही.

गिऱ्हाईक फळीवर ठेवून बघतं,
"काऊन वं बाई, हा तं डगमगते."
मागचा डावा पाय
ती गव्हाएवढा आखूडच ठेवते, प्रत्येकाचा.

बापाची घोडी कामठी रोडवर
त्याच पायानं लंगडली,
तरी टेशनापर्यंत सवारी पोचवली तिनं.
रात्री बाप घरी आला तो नुसता लगाम घेऊन.

हे ती सांगत नाही. म्हणते,
"बैल घ्या नं मंग, बाजूला हायेत.
पक्के उभे राहतेत."

यंदा तान्ह्या पोळ्यात
एका पोरानं घोडाच आणला, दोरी बांधून.
चाकं नाहीत, दर चार पावलांवर आडवा.
पोरगं खाली बसायचं,
आधी तोच पाय चाचपायचं,
मग उचलायचं.

दुकानाच्या पायरीवर कुमुद,
हातात कानस,
घासायचं काय होतं तेच आठवेना.